फुंकर

कळसाडी, २८ नोव्हेंबर १९३६

जेवण झाल्यावर बोलायला माणूस नाही, म्हणून ही वही घेतली. रुखमाबाई होती तेव्हा अंगणात बाजेवर बसून दिवसभराचं सगळं तिच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडत नसे. ती सुपारी कातरत ऐकायची आणि मी थांबलो की नुसतं "मंग?" म्हणायची. त्या एका "मंग?"वर माझी गाडी आणखी कोसभर जायची. आता ती नाही. मुलगा हिलाल दिवसभर राबून येतो, त्याला बापाच्या गप्पांसाठी जागं कसं ठेवायचं?

गंमत अशी की घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो, पण लिहायला बसलो की शाळेची भाषा येते. शहाद्याच्या मास्तरांनी पाटीवर गिरवून घेतलेली ती बोटांत बसली, ती बसलीच.

तर आजची हकिकत. आमचं गुऱ्हाळ आज सुरू झालं. सून धनू बाळंतपणाला माहेरी, म्हसावदला आहे. मुलगा झाला. अजून मी पाहिलेला नाही. नात गजरा सहा वर्षांची, ती माझ्याजवळ राहिली आहे आणि रात्री माझ्याच गोधडीत झोपते.

दिवाळीच्या आधी नवापूरला लेकीकडे, प्रमिलाकडे, जाऊन आलो. जावई तिथं रेल्वेत आहे. शेजारच्या खोलीतली पोरं रात्रभर ठसकत होती, झोप म्हणून लागली नाही. तिकडची हवाच दमट. परत आल्यापासून माझ्याही घशात खवखव आहे. चिलीम कमी करावी म्हणतो.

३ डिसेंबर

गुऱ्हाळाचा वास नाकात गेला की मला माझं वय आठवत नाही. बापाच्या वेळी लाकडी चरक होता. त्याची करकर वेशीपर्यंत ऐकू यायची आणि आम्ही पोरं तिच्या मागे धावत सुटायचो. आता लोखंडी चरक आहे. तो रस जास्त काढतो, पण गात नाही.

लग्न होऊन रुखमा नवीन आली तेव्हा पहिल्यांदा भाकरी घेऊन इथंच आली होती. काकवीच्या भांड्याला पाय लागला आणि कोऱ्या लुगड्यावर सगळी काकवी. सासू रागावेल म्हणून तिनं पदर पाटाच्या पाण्यात धुतला आणि तो वाळेपर्यंत उसाच्या फडाआड उभी राहिली. मी चिपाडं आणायच्या निमित्तानं तीनदा तिकडे गेलो. तिसऱ्या खेपेला ती हसली. आमच्या संसाराला खरी सुरुवात त्या दिवशी झाली असं मी धरतो.

आज संध्याकाळी गावातली पोरं जमली. गूळ कढईतून काढला की मी उसाच्या सालीवर थोडा थोडा घेतो, फुंकर घालून निववतो आणि एकेकाच्या तोंडात देतो. हे काम माझ्या बापाचं होतं, आता माझं. ऊस तोडायला डोंगरातून रायसिंग आणि त्याची बायको पारुबाई आली आहेत. त्यांची तान्ही पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत असते. तिलाही बोटभर चाटवला. आधी तोंड वाकडं केलं, मग खदखदून हसली आणि माझं बोट सोडीना.

माझा बालमित्र भटू चिलीम घेऊन आला. दोघांनी आळीपाळीनं ओढली. खोकल्याची उबळ आली ती मात्र चांगलीच आली. भटू म्हणाला, "लोटन, आते म्हतारा व्हयना तू."

९ डिसेंबर

धनू आली! हिलाल गाडी घेऊन म्हसावदला गेला होता. मी सकाळपासून वेशीच्या दगडावर बसून. पाटील असून पोरासारखा काय बसलो आहे, असं येणारेजाणारे म्हणत असतील. म्हणोत.

नातवाचं नाव गिरधर ठेवलं, म्हणजे माझ्या बापाचं. त्यामुळे पंचाईत अशी की त्याला अरेतुरे करायला जीभ वळत नाही. मी त्याला "या गिरधरबापू" म्हणालो तर गजरा हसून हसून पडली. कपाळ थेट बापाचं आहे. डोळे रुखमाचे. हे कुणाला सांगितलं तर हसतील, एवढ्याशा पोराचे कसले डोळे. पण आहेत.

त्याच्या तोंडावर हळूच फुंकर घातली की तो पापण्या मिटतो, श्वास धरतो आणि मग असा काही चकित होऊन बघतो! दिवसभर तोच खेळ खेळलो.

१३ डिसेंबर

सासऱ्यापुढे सून बोलत नाही ही आमच्याकडची रीत. धनूला काही सांगायचं असलं की गजराला पाठवते. आज मी बाळ मांडीवर घेऊन बसलो होतो, तर गजरा आली. "आबा, माय म्हनस, बाळले झोप ई ऱ्हायनी. माले दी द्या." दिलं. पोर टक्क जागं होतं.

दुपारी परत घेतलं, तर परत गजरा. "माय म्हनस, बाळना अंगले तेल लावनं शे."

संध्याकाळी तिसऱ्यांदा. "माय म्हनस, घरमा धूर शे, तुम्हले ठसका लागी. तुम्ही ओसरीमाच बसा."

सून फार काळजी घेणारी मिळाली. सासऱ्याच्या खोकल्याचीसुद्धा तिला चिंता. गजरालाही दोन दिवसांपासून खोकला आहे. उसाचा रस बाधला असणार. धनूनं तिच्यासाठी अडुळसा उकळला, मलाही वाटीभर पाठवला.

१९ डिसेंबर

गजराचा खोकला साधा नाही. एक उबळ आली की थांबतच नाही. डोळे बाहेर येतात, तोंड लाल होतं आणि शेवटी श्वास ओढताना कोंबड्याच्या बांगेसारखा आवाज निघतो. मग ओकारी. ओकारी झाली की पोरगी पुन्हा खेळायला पळते. आज भटूनं तो आवाज ऐकला आणि चिलीम खाली ठेवली. "डांग्या शे हाऊ," म्हणाला.

मलाही तो आवाज ओळखीचा वाटला होता. मी आणि माझा थोरला भाऊ, आम्हाला दोघांना एकाच हिवाळ्यात डांग्या झाला होता. मी गजराएवढा असेन. आई आम्हाला घोंगडीत गुंडाळून पहाटे गोमाईच्या काठी न्यायची. नदीवरची हवा लागली की खोकला उतरतो असं कुणी सांगितलं होतं. उबळ आली की ती मागून दोन्ही हातांनी पोट धरायची आणि म्हणायची, "खोक बाप्पा, मी धरेल शे तुले." ते हात मला आजही पोटावर जाणवतात. पाण्यावर धुकं असायचं, पलीकडच्या काठावर कुणाचीतरी बैलं घुंगरं वाजवत जायची. आजारपण होतं, पण त्याच्याएवढा सुखाचा हिवाळा मला दुसरा आठवत नाही.

दिवसा आई शेतावर गेली की आम्ही दोघं भाऊ धाकट्या बहिणीच्या पाळण्याची दोरी ओढत बसायचो. ती हसावी म्हणून आम्ही पाळण्यात तोंड घालून नाना आवाज काढायचो. ती मात्र त्याच हिवाळ्यात गेली. आई म्हणायची दृष्ट लागली, फार गोरी होती.

२२ डिसेंबर

रायसिंगची पोर खोकते आहे. आता उलगडा झाला! गजरा रोज त्या झोळीपाशी खेळायची. डोंगरातून ही माणसं काय काय घेऊन येतात, कोण जाणे. चावडीवर मी हे बोललो तर सगळ्यांनी माना डोलावल्या. खालच्या गल्लीतही दोन घरी पोरं खोकताहेत. कुणी म्हणालं, डोंगरवाल्यांना गावाच्या विहिरीवर येऊ देऊ नका. कुणी म्हणालं, हाकलूनच द्या.

मी हाकलू दिलं नाही. पोटाला आलेली माणसं आहेत. पण त्यांची झोपडी कढईखालच्या चुलवणाजवळून उचलून फडाच्या पार टोकाला, नाल्याकाठी न्यायला सांगितली. रायसिंगनं खांब उपटले आणि डोक्यावर घेतले. पारुबाई पोरीला पोटाशी धरून मागून चालली. नाल्याकडे वारा फार बोचतो, म्हणून एक पेंढी कडबा दिला.

पाटीलकीत असे निर्णय घ्यावे लागतात.

२५ डिसेंबर

कुंभाराकडून गाढविणीचं दूध आणून गजराला पाजलं. पिताना गाढवासारखं ओरडून दाखवलं. म्हणजे पोरगी बरी होणार.

माझा खोकला तसाच. मोठ्या माणसाला कसला डांग्या, हा चिलमीचाच. दिवसा कामात काही वाटत नाही, पहाटे मात्र बरगड्या दुखेपर्यंत येतो.

३० डिसेंबर

जमेल तेवढं लिहितो.

दुपारी मी ओसरीवर होतो. धनू आत बाळाला पाजत होती. एकदम तिची किंकाळी. या घरात तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला, तो असा. पदर पडलेला, केस सुटलेले, ती बाळाला घेऊन अंगणात धावली. पोर खोकलं नव्हतं. ती बांग नाही, उबळ नाही. दोनदा शिंकल्यासारखं केलं म्हणे आणि गप्प झालं. ओठ जांभळासारखे. हातपाय ओल्या कपड्यासारखे लोंबत होते.

मी नुसता उभा राहिलो. हजार माणसांत हुकूम करणारा मी, मला काय करावं सुचेना. धनूनं त्याला पालथं हातावर घेतलं, बोटानं घशातला चिकटा काढला, पाठीवर थापट्या मारल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. चरक चालू होता, बैल फिरत होते, ते मला दिसत होतं आणि इथं पोर श्वास घेत नव्हतं. मग मांजराच्या पिलासारखा आवाज आला.

धनू तिथंच धुळीत बसली. हिलाल शहाद्याला डॉक्टर आणायला निघाला आहे.

३१ डिसेंबर

सकाळी निरोप आला, रायसिंगची पोर रात्री गेली. सालदाराच्या हातून पायलीभर ज्वारी पाठवली.

दुपारी डॉक्टर टांग्यातून आले. तरुण आहेत, पुण्याकडचे. बाळाला तपासलं, गजराला तपासलं. म्हणाले, डांग्याच आहे. मी म्हणालो, "डोंगरातल्या मजुरांकडून आला, साहेब. त्यांना मी लांब केलं आहे."

ते हात धूत होते. त्यांनी विचारलं, "घरात सगळ्यांच्या आधी कोण खोकत होतं?"

हिलाल जमिनीकडे बघत होता. दाराआड धनूच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. गजरा मध्ये उभी. तिला वाटलं, शाळेतल्यासारखा प्रश्न आहे आणि उत्तर तिला येतं आहे. ती म्हणाली, "पहिले आबाले व्हयना. मंग माले. मंग बाळले."

डॉक्टरांनी मला छाती उघडी करायला लावली. किती दिवसांपासून, कुठं गेला होता, तिथं कुणी आजारी होतं का, सगळं विचारलं. मी नवापूरचं सांगितलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता. मोठ्या माणसाला पुष्कळदा ती बांग येत नाही. नुसता खोकला राहतो, तो रेंगाळतो. माणूस हिंडतो, फिरतो, कामाला जातो आणि जवळ जाऊन बोलला, खोकला की दुसऱ्याला देतो. घरात एकाला झाला की लहानमोठं सहसा कुणी सुटत नाही. शाळेत जाणारी पोरं बहुतेक तरतात. तान्ह्यांचं मात्र अवघड. त्यांना खोकायचीही ताकद नसते. श्वासच थांबतो.

"तोंडाजवळ तोंड नेऊ नका," ते म्हणाले. "फुंकर घालणं, मुका घेणं, आपल्या तोंडचा घास भरवणं, काही नको."

औषध दिलं, पण औषधावर फार भरवसा ठेवू नका म्हणाले. मोकळी हवा, धूर नको, दूध थोडं थोडं, आणि बाळावर चोवीस तास नजर.

ते गेल्यावर मी माझी गोधडी उचलली आणि गुऱ्हाळावरच्या खोपीत आलो.

१ जानेवारी १९३७

डॉक्टरांचंच खरं असेल असं कशावरून? माणूस तरुण आहे. डांग्या हा पोरांचा आजार, सगळं जग जाणतं. मला लहानपणी होऊन गेला आहे. दोनदा होतो का? हे विचारायचं राहिलं.

सकाळपासून असाच वाद घालतो आहे. समोर कुणी नाही तरी.

पण वाद संपला की गजराचे शब्द येतात. "माय म्हनस, बाळले झोप ई ऱ्हायनी." "माय म्हनस, तुम्ही ओसरीमाच बसा." धनूला डॉक्टर लागला नाही. तिला दिसत होतं. आणि सांगायला तिच्याजवळ सहा वर्षांच्या पोरीशिवाय वाट नव्हती. रीत माझ्या घरची.

४ जानेवारी

इथून घर दिसत नाही, चिंचेचा शेंडा तेवढा दिसतो. सकाळी धूर निघाला की समजतो, चूल अंगणात पेटली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चूल बाहेर घेतली आहे. हिलाल दिवसातून दोनदा येऊन लांबूनच सांगतो. बाळाला रोज तीनचारदा तसं होतं. धनू बसून झोपते. आज विहिणबाई म्हसावदहून आल्या, त्यांना खोकला नाही हे आधी विचारून मग आत घेतलं.

घर भरलेलं होतं तेव्हाचे आवाज आठवत पडतो. पहाटे जात्याची घरघर. रुखमाचं दळताना गुणगुणणं, शब्द कधी कळले नाहीत. भाऊ आणि मी वेगळे झालो नव्हतो तेव्हा एका पंगतीला किती पानं असायची! एका ताटात चार पोरं जेवायची, एका तांब्याला सगळ्यांची तोंडं. त्याचंच आम्हाला कौतुक होतं.

भटू आला. चिलीम भरून पुढे केली. मी हात मागे घेतला.

"काय रे? मन्हा हातनी चिलीम आज नको का तुले?"

"भटू, तुन्हा घर तान्हं पोर शे. मन्हा खोकला साधा नही. तुले बी लागना व्हई. घर जाय, पन त्या पोरले जवळ लेऊ नको."

त्यानं चिलीम दगडावर आपटून रिकामी केली. "इतला वरीस एक चिलीम पिनूत," म्हणाला आणि पाठ फिरवली. जाताना खोकला. मी तो खोकला आता ऐकला, गेले दोन आठवडे तो माझ्या शेजारी बसून खोकत होता तरी.

७ जानेवारी

हिलालनं सांगितलं, गावात बैठक आहे. सगळ्या डोंगरवाल्या मजुरांना शिवारातून काढायचं ठरतं आहे. रायसिंग एकटाच नाही, कापूस वेचायला आलेली आणखी बिऱ्हाडं आहेत. त्यांची पोरं आहेत.

हे बोलणं चावडीवर आधी मी काढलं होतं.

हिलाल म्हणाला, "आबा, तुम्ही जाऊ नका. मी समजाडस लोकेस्ले. घरमानी गोट घरमा ऱ्हाऊ द्या. गावले सांगानी काय गरज?"

त्याचं चुकत नाही. त्याला या गावात राहायचं आहे.

मी गेलो. चावडीत पाय ठेवला नाही, बाहेर पाराच्या पलीकडे उभा राहिलो, तोंडाला उपरणं धरून. लोकांना आधी वाटलं, पाटलाचं काहीतरी नवीन सोंग. मी म्हणालो, "डोंगरवाला लोकेस्ले नावं ठेवू नका. हाऊ खोकला नवापूरथीन मीच लई उनू. मन्हापाईन नातले गया, नातपाईन कोठे कोठे गया, भगवान जाने. गुऱ्हाळवर तुमना पोरेस्ले मी फुंकी फुंकीसन गूळ दिधा."

कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं. खालच्या गल्लीतला एकजण उठला, ज्याच्या पोराला मी त्या दिवशी गूळ दिला होता. मला वाटलं, शिवी देतो. तो नुसता बघून घरी गेला. त्यापेक्षा शिवी बरी होती.

पण बाहेर काढण्याचं बोलणं तिथंच पडलं. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मी सांगितलं. खोकणारा म्हातारा असो की पोर, त्यानं तान्ह्याच्या खोलीत जायचं नाही. बायका पाण्याच्या घागरी घेऊन थांबून ऐकत होत्या. त्यांनी ते पुरुषांपेक्षा नीट ऐकलं असं वाटलं.

८ जानेवारी

रायसिंगकडे गेलो. तो फडात ऊस तोडत होता. पोर जाऊन आठवडा, माणूस कामावर. मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा राहिलो आणि सांगितलं. जसं गावाला सांगितलं तसंच. झोपडी नाल्याकाठी हलवायला लावली तेही.

त्याचा कोयता थांबला. तो आमच्या बोलीत अडखळत बोलतो. "पाटील, तुम्ही दिखनात का ती हात करे," म्हणाला. एवढंच.

मी त्या पोरीचं नाव विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

"रेवी."

मी म्हणालो, झोपडी परत चुलवणाजवळ आणा, माणसं देतो. त्यानं मान हलवली. पोरीला तिथंच नाल्याच्या काठी मातीत ठेवलं आहे, पारुबाई तिथून हलणार नाही. पारुबाई झोपडीच्या तोंडाशी मोळी बांधत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तिच्याकडे जायचं धाडस केलं नाही.

२१ जानेवारी

बाळ आज दिवसभरात एकदाच निळं पडलं. गजराची बांग कमी झाली. भटूनं निरोप पाठवला की तो त्याच्या खळ्यात झोपतो आहे आणि त्याचा नातू ठीक आहे. निरोपाबरोबर शिव्याही पाठवल्या. बरं वाटलं.

खालच्या गल्लीत एक तान्हं गेलं. त्याला मी गूळ दिला नव्हता. त्याच्या भावाला दिला होता.

११ फेब्रुवारी

गूळ संपला, चरक थांबला. गुऱ्हाळ बंद होतं त्या दिवशी मला दरवर्षी उदास वाटतं. रुखमा म्हणायची, पोराची शाळा सुटावी तसे तुम्ही हिरमुसता. आज शेवटच्या कढईभोवती पोरं आली नाहीत. गुळव्यानं सगळ्यांचे वाटे केळीच्या पानात बांधून घरोघरी पाठवले.

माझा खोकला जवळजवळ गेला. डॉक्टरांना विचारायला हिलालला पाठवलं होतं. ते म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही. तरी मी राहिलो. मन होईना.

कधी वाटतं, न समजताच मेलो असतो तर बापासारखा गोड आठवणींत गेलो असतो. त्यानंही फुंकर घालूनच आम्हाला गूळ दिला. माझ्या आठवणीतला सगळ्यात गोड घास तो.

१८ मार्च

होळी जवळ आली. होळीला डोंगरातला माणूस खाली राहत नाही. आज रायसिंग आणि पारुबाई निघाली. मी वाटेवर जाऊन उभा राहिलो. रायसिंगनं राम राम केला. पारुबाईची झोळी रिकामी होती, तिनं ती घडी करून डोक्यावर घेतली होती. माझ्याजवळून जाताना ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी तयार होतो, ती काय म्हणेल त्याला. ती नवऱ्याला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली.

रायसिंग म्हणाला, "ती विचारस, तुमना नातू जितो शे ना?"

मी हो म्हणालो. तिनं मान हलवली आणि चालू लागली. सातपुड्याच्या रेघेकडे ती दोघं बराच वेळ दिसत होती.

२९ मार्च

दुपारी मी खोपीचा कूड बांधत होतो. बांधावरून धनू येताना दिसली. बरोबर गजरा नाही, हिलाल नाही. कडेवर बाळ. मला वाटलं, काहीतरी झालं. हातातली दोरी पडली.

ती खोपीपर्यंत आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडे. लग्न होऊन आली तेव्हापासून आजवर ती माझ्याशी बोललेली नाही. म्हणाली, "आबा, ल्या त्याले."

मी मागे सरलो. म्हणालो, नको, आणखी काही दिवस जाऊ दे.

"डॉक्टर बोलनात, काही नही आते. घर चला. पोर तुम्हले भुली जाई." आणि तिनं बाळ माझ्या हातात दिलं, मी घेतो की नाही याची वाट न बघता.

केवढा वाढला होता! मी मान मागे घेऊन, तोंड बाजूला करून त्याला धरलं. त्यानं माझ्या मिशांकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. मी कोण, हे त्याला मुळीच आठवत नव्हतं. खालचा ओठ पुढे आला आणि मग त्यानं असं भोकाड पसरलं की बांधावरचे बगळे उडाले. तोंड लालबुंद, एक लांब, सबंध, न तुटलेला हंबरडा, छातीच्या तळापासून. खोकला नाही, अडखळणं नाही. श्वास घेतला आणि पुन्हा तसाच.

धनू त्याला घ्यायला पुढे झाली.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे बेटा. रडू दे त्याले."

ती थांबली. आम्ही दोघं उभे राहून ऐकत राहिलो.